कानाच्या तपासणीचा कागद आम्हाला वाचून दाखवा

प्रति,
सांगली जिल्ह्यातले कान-नाक-घसा तज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ), राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आणि जिल्हा परिषदेचे आरोग्य व शिक्षण विभाग यांना

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत राहते आणि एका पतसंस्थेत खतावणी सांभाळते. दिवसभर आकड्यांत वावरणारी बाई आहे मी. तरी चार वर्षांपूर्वी माझ्या लेकीच्या कानाच्या तपासणीचा कागद हातात पडला, तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. एक चौकट, तिच्यात लाल गोल आणि निळ्या फुल्या, डावीकडून उजवीकडे उतरत गेलेल्या दोन रेघा आणि खाली इंग्रजीत एक ओळ. मी विचारलं, "म्हणजे नक्की काय झालंय, डॉक्टर?" उत्तर आलं, "थोडं कमी ऐकू येतंय. मोठी होईल तसं सुधारेल. तोवर हे थेंब घाला, सहा महिन्यांनी दाखवा."

बाहेर बाकांवर माणसं ताटकळत बसली होती. मी उठले, थेंब घेतले, घरी आले. मग थेंब बदलले, डॉक्टर बदलले, एकाने सांगितलं म्हणून वाफही दिली. यात आठ महिने गेले. तेव्हा लेक साडेतीन वर्षांची होती. त्या वयातले आठ महिने म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्या दवाखान्याचं नाव मी घेणार नाही. कुणावर राग काढायला हे पत्र लिहीत नाहीये. मागणी एकच आहे, तो कागद आमच्या हातात देण्याआधी आम्हाला मराठीत वाचून दाखवा आणि त्याचा अर्थ चार ओळींत लिहून द्या. हे एवढं का मागते आहे, ते सविस्तर सांगते.

आमच्या घरात कुणालाच ती बहिरी वाटत नव्हती. सासूबाई म्हणायच्या, "ऐकू येतं की तिला! बापाची बुलेट कोपऱ्यावर आली की दाराकडे पळते." खरंच पळायची. दार आपटलं की दचकायची, ढग गडगडले की मला बिलगायची. अंगणवाडीत तिच्या पाठीमागे उभं राहून टाळी वाजवली, तर तिने वळून बघितलं. झालं, सगळ्यांची खात्री पटली. बोलणं तेवढं बोबडं होतं. शाळेला 'आळा' म्हणायची, साखरेला 'आकर'. पाहुणे हसायचे, आम्हीही हसायचो, मुद्दाम परत परत म्हणायला लावायचो. तिचे स आणि श कुठे गेले, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. ते तिच्यापर्यंत कधी पोचलेच नव्हते.

बुलेटचा आवाज जाड, ढगाचा जाड, दाराचा जाड. कुकरच्या शिट्टीला मात्र ती कधी हलली नव्हती. हे माझ्या डोळ्यांसमोर दिवसातून दोनदा घडत होतं आणि मला दिसलं नाही.

तपासणीचा दिवस मला लख्ख आठवतो. खोलीच्या भिंतींना जाड स्पंज लावलेला, दार लावून घेतलं की आपल्याच श्वासाचा आवाज येईल इतकी शांतता. हेडफोन लावून घ्यायला लेकीने साफ नकार दिला, म्हणून तपासणी करणाऱ्या ताईंनी समोरच्या स्पीकरमधून आवाज सोडायचं ठरवलं. लेकीच्या हातात लाकडी मणी दिला, पुढ्यात प्लास्टिकची लहान बादली ठेवली. आवाज आला की मणी बादलीत टाकायचा. खेळच तो. जाड आवाज सुरू झाले. अगदी हळू असले तरी ती मणी टाकत होती आणि वळून माझ्याकडे बघून हसत होती. मग आवाज बारीक होत गेले. पाखरानं चिवचिवावं तसा एक आवाज आला. मी तिच्या मागे खुर्चीवर बसले होते, मला तो स्पष्ट ऐकू आला. ती मणी हातात धरून बादलीकडे बघत बसली. आवाज वाढवला. मला तो आता टोचायला लागला होता. ती तशीच. आणखी वाढवला, तेव्हा कुठे तिने मान वर केली आणि मणी टाकला. दोन हातांवर बसलेल्या माझ्या पोरीला माझ्या कानात वाजणारा आवाज ऐकू येत नव्हता. त्या खोलीत मला जे कळलं, ते मग त्या कागदाने माझ्यापासून आठ महिने लपवून ठेवलं. कागद हातात पडण्याआधीच्या पुढच्या खेपेला ती हेडफोन लावून बसली, दोन्ही कान वेगवेगळे तपासले गेले आणि डावा थोडा जास्त बाधित निघाला.

आठ महिन्यांनी दुसऱ्या एका ऑडिओलॉजिस्टनी तोच कागद समोर ठेवला, हातात पेन्सिल घेतली आणि वीस मिनिटं मला समजावलं. त्या वीस मिनिटांत काय कळलं ते मी इथे मांडते, कारण माझ्यासारखे आईबापही हे पत्र वाचतील.

त्या चौकटीत डावीकडून उजवीकडे जाताना आवाज जाडापासून बारकाकडे जातो. डावीकडे २५० हर्ट्झ, उजवीकडे ८००० हर्ट्झ. पेटीच्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे चढत जातात, तसंच. वरून खाली येताना आवाज मोठा होत जातो, तो डेसिबलमध्ये मोजतात. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. प्रत्येक खूण सांगते की या पट्टीतला आवाज किमान एवढा मोठा केला, तेव्हा मुलाला जेमतेम ऐकू आला. म्हणजे खूण जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. वर जाणारी रेघ चांगली आणि खाली जाणारी वाईट असं आपण शेअरच्या भावात बघतो, तसं इथेही आहे म्हणा, पण शून्याचा अर्थ वेगळा आहे. शून्य डेसिबल म्हणजे आवाजच नाही असं नव्हे. निरोगी तरुण कानाला ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज म्हणजे शून्य.

माझ्या लेकीच्या उजव्या कानाचे आकडे असे होते: २५० हर्ट्झला २५, ५०० ला ३०, १००० ला ५०, २००० ला ७० आणि ४००० ला ८० डेसिबल.

माझ्या नवऱ्याने ५० चा आकडा बघितला आणि म्हणाला, "म्हणजे निम्मं ऐकू येतंय." आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरात हीच चूक झालेली मी पाहिली आहे. डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहा पट होते. वीसला शंभर पट, तीसला हजार पट. सत्तर डेसिबल म्हणजे एक कोटी पट. निरोगी कानाला जेमतेम जाणवणाऱ्या आवाजाच्या एक कोटी पट ऊर्जा ओतली, तेव्हा कुठे २००० हर्ट्झचा सूर माझ्या पोरीपर्यंत पोचत होता. आपल्या कानाला ती वाढ इतकी जाणवत नाही, दर दहा डेसिबलला साधारण दुप्पट मोठं झाल्यासारखं वाटतं. पण 'निम्मं' या शब्दात हे कुठेच बसत नाही. कुजबुज साधारण ३० डेसिबलची, समोरासमोरचं रोजचं बोलणं ६० च्या आसपासचं. आता वरचे आकडे पुन्हा बघा. आईच्या बोलण्यातला जाड भाग तिला ऐकू येतो, बारीक भाग गळून पडतो. म्हणजे बोललेलं ऐकू येतं, पण कळत नाही.

आमच्या गावात सतारी-तंबोरे बनतात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्यांनी कारागिराला जवारी लावताना पाहिलं असेल, त्यांना ही गोष्ट एका वाक्यात कळेल. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा दोरा केसभर सरकवला की तीच तार, तोच षड्ज, पण त्यातला वरचा झंकार खुलतो. दोरा चुकला की नुसता ठणका उरतो. माझ्या लेकीला भाषा अशी झंकाराशिवाय ऐकू येत होती. आ, ऊ, म, न हे जाड वर्ण पोचत होते. स तर ४००० हर्ट्झच्याही वर जातो. श, ख, फ, थ यांतली हवा तशीच बारीक आणि क्षीण.

मराठीत हा स सुटला की काय होतं बघा. 'जातेस' आणि 'जाते' एक होतात, 'केलंस' आणि 'केलं' एक होतात. कुणी काय केलं आणि कुणाला विचारलं, हेच पोराला कळेनासं होतं. आकड्यांत सात, आठ, साठ आणि शेजारचा हात, सगळे सारखेच ऐकू येतात. मोठी माणसं संदर्भाने भागवून घेतात, कारण त्यांच्याजवळ आधीपासून भाषा असते. भाषा शिकणाऱ्या मुलाजवळ संदर्भ नसतो.

आता त्या इंग्रजी ओळीकडे येते. ओळ होती 'मॉडरेट सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस'. यातल्या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि दोन्ही आम्हाला कळायलाच हव्या होत्या.

पहिला शब्द पातळीचा. जुन्या आणि अजूनही खूप ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या वर्गवारीत २५ डेसिबलपर्यंत सामान्य, २६ ते ४० सौम्य, ४१ ते ५५ मध्यम, ५६ ते ७० मध्यम-तीव्र, ७१ ते ९० तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात या रेषा कमी डेसिबलकडे सरकवल्या. २० च्या आत सामान्य, ३५ च्या आत सौम्य, ५० च्या आत मध्यम, ६५ च्या आत मध्यम-तीव्र, ८० च्या आत तीव्र, ९५ च्या आत अतितीव्र आणि त्यापुढे पूर्ण बधिरता. पातळी ठरवायला सरासरी काढतात. ५००, १००० आणि २००० हर्ट्झची सरासरी काढली तर माझ्या लेकीचा उजवा कान बरोब्बर ५० वर, म्हणजे जुन्या हिशोबाने मध्यम. त्यात ४००० हर्ट्झ धरला, तर सरासरी साडेसत्तावन आणि नव्या हिशोबाने मध्यम-तीव्र. मूल तेच, कान तोच, नावं दोन. मला खतावणीत असा ताळा चालला नसता.

आणि सरासरीचं म्हणाल, तर आपल्या जिल्ह्याइतकं ते कुणाला कळणार? पावसाळी शिराळ्याचा पाऊस आणि दुष्काळी जत-आटपाडीचा पाऊस एकत्र करून भागाकार करा आणि जतच्या शेतकऱ्याला सांगा की यंदा जिल्ह्यात पाऊस बरा झाला. तो तुमच्याकडे कसा बघेल? माझ्या लेकीच्या कानात ५०० हर्ट्झला शिराळा होता आणि ४००० ला जत. उताराची रेघ सपाट करून 'मध्यम' लिहिलं की तिचा सगळा त्रास त्या शब्दाखाली झाकला जातो. म्हणून अहवालात सरासरीबरोबर रेघेचा आकारही शब्दांत लिहा.

'सौम्य' या शब्दाबद्दलही एक विनंती आहे. तो शब्द तापाला ठीक. तिशी-पस्तिशीतल्या डेसिबलचं मूल घरी सगळं नीट ऐकतं आणि पन्नास पोरांच्या वर्गात, पत्र्यावर पाऊस वाजत असताना, बाईंच्या तोंडचे शब्द अर्धेमुर्धे पकडतं. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने घटतो. पहिल्या बाकाहून चौथ्या बाकावर गेलं की सौम्य ते सौम्य राहत नाही. त्या पोराच्या प्रगतिपुस्तकात मग 'लक्ष देत नाही' असा शेरा येतो.

दुसरा शब्द, सेन्सरीन्यूरल, दोषाच्या जागेचा आणि आमचे आठ महिने याच शब्दाने खाल्ले. आवाज आत नेणारा रस्ता अडला असेल, म्हणजे कानात मळ, पडद्याला भोक, मधल्या कानात पाणी किंवा पू, तर तो दोष बरेचदा औषधाने वा शस्त्रक्रियेने दूर होतो. आतला शंखाच्या आकाराचा कान किंवा तिथून मेंदूकडे जाणारी नस बिघडली असेल, तर थेंबांचा काही उपयोग नाही. हे दोन्ही वेगळे ओळखायला तपासणी आहेच. हेडफोनने हवेतून आवाज देतात आणि कानामागच्या हाडावर कंपक ठेवून हाडातून देतात. हाडातून चांगलं ऐकू आलं आणि हवेतून नाही, तर अडथळा वाटेत आहे. दोन्हीकडून सारखंच कमी असेल, तर दोष आत आहे. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवल्यावर थरथरणारा धातूचा चिमटा, कानामागे आणि मग कानासमोर धरून डॉक्टर हाच प्रश्न विचारत असतात. कानात हवेचा हलका दाब देऊन पडदा कसा हलतो ते बघणारी टिंपॅनोमेट्री आहे, तिचा आलेख सपाट आला तर मधल्या कानात पाणी असण्याची शक्यता मोठी. माझ्या लेकीचा हवेचा आणि हाडाचा आलेख एकमेकांवर बसत होता. टिंपॅनोमेट्री स्वच्छ होती. म्हणजे थेंब घालू नका, असं तो कागद पहिल्या दिवसापासून सांगत होता. आम्हाला तो वाचता आला नाही आणि ज्यांना येत होता त्यांनी तो वाचला नाही.

बाळांच्या तपासण्यांबद्दल गावागावांत जी भीती आहे, तिच्याबद्दलही लिहायला हवं. बेरा या तपासणीचं नाव काढलं की "डोक्याला वायरी लावून शॉक देतात" असं मी स्वतः तासगावच्या एका बाईच्या तोंडून ऐकलं आहे. तिने बाळाला तपासणीच्या दारातून परत नेलं. शॉक वगैरे काही नसतो. बाळ झोपलेलं असतं, कानात टकटक आवाज देतात आणि कपाळावर व कानामागे चिकटवलेल्या पट्ट्या मेंदूकडे गेलेला संदेश टिपतात. ओएई त्याहून सोपी. कानात छोटा प्रोब ठेवायचा, आवाज द्यायचा, आणि निरोगी आतला कान त्याला जो अतिसूक्ष्म प्रतिसाद परत पाठवतो तो मोजायचा. कान स्वतः आवाज परत देतो, हे १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिलं. बाळ काहीच सांगू शकत नसताना काही मिनिटांत होणारी ही तपासणी आहे.

पण तिथेही शब्द समजावून सांगा. ओएईत 'रेफर' आलं म्हणजे बाळ बहिरं असं नव्हे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी कानात ओल असते, पुन्हा तपासावं लागतं. आणि 'पास' म्हणजे जन्मभराची हमीही नव्हे, काही मुलांचं ऐकणं पुढे कमी होतं. काही वेळा आतला कान प्रतिसाद देतो, पण नस संदेश नीट नेत नाही, आणि ओएई तिथे फसते. म्हणून काचेच्या पेटीत पाचपेक्षा जास्त दिवस राहिलेल्या, फार कमी वजनाच्या किंवा रक्त बदलावं लागेल इतकी कावीळ झालेल्या बाळाची बेराच करा. जिवावरच्या जंतुसंसर्गात जी इंजेक्शनं द्यावी लागतात, त्यांतली काही कानाला बाधतात, हेही आईला सांगा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी, काही घरांत सख्ख्या मामाशी लग्नं होतात. अशा घरात आधी एखादं बहिरं मूल असेल, तर पुढच्या बाळाची तपासणी पहिल्या महिन्यात व्हायलाच हवी. हा विषय काढायला लोक बिचकतात, पण आशाताईंनी आपुलकीने विचारलं तर कुणी रागावत नाही.

जगभर एक साधा हिशोब पाळतात. एका महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत कानाचं मशीन आणि बोलण्याची शिकवणी सुरू. माझ्या लेकीचं मशीन सव्वाचार वर्षांनी आलं.

कार्यक्रम नाहीत असं मी म्हणत नाही. बधिरता प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला, आणि जन्मजात बहिरेपणा त्याच्या यादीत आहे. पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत यायचं असतं. माझं म्हणणं त्या भेटीत काय करता यावर आहे. पाठीमागून वाजवलेली टाळी ही तपासणी नव्हे. टाळीत जाड-बारीक सगळे आवाज एकत्र असतात, ज्याला त्यातला एक तुकडा ऐकू येतो ते मूलही वळतं. माझी वळली होती. शांत खोली शोधा, साधा ऑडिओमीटर घेऊन जा, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ प्रत्येक कानाला वेगळे ऐकवा. एका मुलाला दोन-तीन मिनिटं लागतात. आणि नवजात बाळाच्या कानाची तपासणी कधी झाली, काय आलं, हे माता-बाल संरक्षण कार्डावर शिक्का मारून लिहा. लसीची तारीख चुकली की आशाताई घरी येतात. कानाची तारीख चुकली तर कुणीच येत नाही.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांत ७० डेसिबल नुकसान असेल तर बधिर, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारे. पन्नास-पंचावन्न डेसिबलची मुलं या रेषेच्या अलीकडे राहतात. दिव्यांगाचं प्रमाणपत्र मिळत नाही म्हणून घरचे समजतात की काही विशेष नाही. प्रमाणपत्राची रेषा आणि मदतीची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं वाक्य प्रमाणपत्राच्या खिडकीवरून कुणीतरी बोललं पाहिजे.

माझे वडील विट्याचे. तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात उभे राहिले. लेकीमुळे मला कागद वाचता यायला लागला, तेव्हा मी त्यांचा जुना अहवाल काढून बघितला. ४००० हर्ट्झला रेघ खड्ड्यात गेलेली आणि ८००० ला पुन्हा थोडी वर आलेली. गोंगाटाने झालेल्या नुकसानीची ती ओळखीची खूण. त्यांना सांगितलं होतं, "वय झालंय." वेळेत कुणी तो खड्डा दाखवला असता, तर शेवटची दहा वर्षं ते कानात बोळे घालून मागावर उभे राहिले असते.

शिक्षक बंधू-भगिनींना थोडं वेगळं सांगायचं आहे. मशीन लावलं म्हणजे चष्म्यासारखं लगेच सगळं स्वच्छ झालं असं होत नाही. पहिल्या आठवड्यात माझी लेक कुकरच्या शिट्टीला चिडायची, किराणावाल्याची प्लास्टिकची पिशवी चुरगळली तरी कानावर हात ठेवायची. तिला ते आवाज नवे होते. मशीननंतर दोन वर्षं बोलण्याची शिकवणी झाली. आज ती दुसरीत आहे, साखरेला साखर म्हणते. पण मागच्या महिन्यात गणिताच्या वहीत सगळीकडे आठच आठ होते. बाईंनी सात सांगितलं, साठ सांगितलं, हिने आठ लिहिलं. सकाळी मशीनची बॅटरी संपली होती आणि ते दुपारी घरी आल्यावर कळलं. आता रोज शाळेत गेल्यावर बाई तोंडासमोर वही धरून सहा आवाज काढतात: आ, ऊ, ई, म, श, स. ती एकेक परत म्हणते. जाडापासून बारकापर्यंत सगळी पट्टी त्या सहांत येते. डॅनियल लिंग यांनी घालून दिलेली ही पद्धत आहे, अर्धा मिनिट लागतो आणि कुठला आवाज गळला ते तिथल्या तिथे कळतं. ज्या वर्गात मशीनवालं मूल आहे, तिथे हे रोज व्हावं. मुलाला पुढच्या बाकावर, चांगल्या कानाची बाजू तुमच्याकडे येईल असं बसवा आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका.

काही मुलांना मशीनचा पुरेसा उपयोग होणार नाही. त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं कॉक्लियर इम्प्लांट आहे आणि खुणांची भाषा आहे, जी स्वतःच एक पूर्ण भाषा आहे. कोणती वाट घ्यायची ते घरच्यांनी ठरवावं. पण ठरवायला त्यांना खरं काय आहे ते आधी कळू द्या.

आता शेवटची गोष्ट. चार ओळी कशा लिहायच्या असा प्रश्न पडेल, म्हणून माझ्या लेकीच्या पहिल्या अहवालाखाली जे हवं होतं ते मीच लिहून बघितलं. ऑडिओलॉजिस्टनी वाचून ते बरोबर असल्याचं सांगितलं आहे.

"दोन्ही कानांत जाड आवाज जवळजवळ ठीक ऐकू येतात, बारीक आवाज ७० ते ८० डेसिबलशिवाय ऐकू येत नाहीत. डावा कान थोडा जास्त बाधित आहे.

दोष आतल्या कानात आहे. मळ, पाणी, पू नाही. थेंब किंवा गोळ्यांनी हा दोष बरा होणार नाही.

शांत खोलीत तीन फुटांवरून समोर बघून बोललेलं बरंचसं कळेल, पण स, श, ख, फ, थ सुटतील. लांबून, पाठमोरं किंवा गोंगाटात बोललेलं कळणार नाही.

दोन्ही कानांना मशीन महिन्याच्या आत लावावं, बोलण्याची शिकवणी सुरू करावी, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. ही चिठ्ठी अंगणवाडीत किंवा शाळेत दाखवावी."

हे लिहायला मला पाच मिनिटं लागली.

कळावे.

आपली,
दुसरीतल्या एका मुलीची आई
मिरज, जि. सांगली